फळीवरचं बदक

"काकू, तुमच्याकडे डावखुऱ्या माणसाची पत्रा कापायची कात्री आहे का?"

विचारलं आणि टिटवीने ओठ आत ओढून घेतले, हसू बाहेर सांडू नये म्हणून. मागे हातोड्यांच्या टोपलीआड तिच्या मैत्रिणी, भिंगरी आणि मास्तरीण, एकमेकींचे दंड घट्ट धरून उभ्या होत्या. पैज त्यांनीच लावली होती. "कात्रीला कुठला आलाय हात! अगदी साळसूद चेहऱ्याने विचारायचं. हसलीस तर परीक्षा संपेपर्यंत आमची दप्तरं तुझ्या खांद्यावर."

मागच्या वर्षी कुणी अशी पैज लावली असती तर टिटवी बाकाखाली लपली असती. पण यंदा शाळेच्या नाटकाची तालीम चालू असताना ती भर वर्गात उठून म्हणाली होती, "बाई, हा राजवाडा नाही वाटत, हा तर रंगवलेला गोठा वाटतो." सगळ्यांना वाटलं, आता हिची धडगत नाही. बाईंनी मात्र नेपथ्याचं सगळं कामच तिच्या गळ्यात टाकलं. तेव्हापासून तिचं तोंड सुटलं ते सुटलंच, आणि टिटवी हे नावही तेव्हाच चिकटलं. राजवाड्यात टांगायला पत्र्याचे कंदील करायचे होते. ते कापायला हत्यारं हवी होती, आणि तीही स्वस्तातली, म्हणून तिघी या दुकानात आल्या होत्या.

दुकान तसं मजेदारच होतं. लांबलचक, बोळासारखं. दोन्ही बाजूंना टोपल्या आणि टोपल्यांत हत्यारांचा नुसता खच. कुठे मूठ सैल असलेल्या हातोड्या, कुठे डब्यावर एक आणि आत दुसराच माल असलेले पान्यांचे संच. प्रत्येक टोपलीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर जुना भाव खोडलेला आणि खाली नवा. ग्रीसचा आणि रबराचा वास इतका दाट की जिभेवर चव यावी. वरची ट्यूबलाइट फडफडत होती, त्यामुळे टोपल्यांतल्या करवती मध्येच दात दाखवायच्या आणि मध्येच मिटायच्या.

गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या मालकीणबाई खिळे निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आलीस होय," त्या म्हणाल्या. "किती वाट बघायला लावलीस गं. मी म्हटलं, विसरली बहुतेक."

मग त्या खाली वाकल्या. गल्ल्याखालच्या कप्प्यात बराच वेळ खुडबुड झाली. वर आल्या तेव्हा हातात तपकिरी कागदाचं, सुतळीने बांधलेलं पुडकं होतं. त्यांनी त्यावरची धूळ पदराने पुसली आणि पुडकं टिटवीसमोर सरकवलं.

"पैसे दिलेत तू. ने."

टोपलीआडचं खिदळणं एकदम थांबलं.

"काकू, मी... मी पहिल्यांदाच आलेय इथे," टिटवी म्हणाली.

आता मालकीणबाईंनी मान वर केली. जाड भिंगांच्या मागे त्यांचे डोळे माशांसारखे मोठे दिसत होते. त्यांनी टिटवीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मग चुकचुकल्या. "केस का कापलेस? चांगले लांब होते की. आणि पहिल्यांदा कसली गं? याच जागी उभी राहून, याच आवाजात विचारलं होतंस. 'काकू, डावखुऱ्या माणसाची कात्री आहे का?' तेव्हा नव्हती. मागवून घेतली तुझ्यासाठी. आता थट्टा करतेस म्हातारीची?"

भिंगरीने मागून ओढणी ओढली. "चल, चल ना गं!" आणि तिघी धूम पळत सुटल्या. चौकापलीकडच्या बंद शटरपाशी पोचल्यावर टिटवीला कळलं की पुडकं आपल्या हातातच आहे.

"टाकून दे," भिंगरी धापा टाकत म्हणाली. "कुणा मेलेल्या बाईचं असणार ते. तू आत्ता तिच्या आवाजात बोललीस! माझ्या अंगावर बघ कसा काटा आलाय."

"काहीतरीच काय," मास्तरीण म्हणाली. तिला सगळ्याचं उत्तर माहीत असायचं. "म्हाताऱ्या माणसांना सगळ्या मुली सारख्याच दिसतात. माझी आजी मला अजून माझ्या आईच्या नावाने हाका मारते. उघड तरी. फुकटात मिळालंय."

आत तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली कात्री होती. आखूड चोचीची, लांब मुठींची, कोरी करकरीत. टिटवीने ती उजव्या हातात धरली तर मुठीची कड अंगठ्याला टोचली. "ई, कसली विचित्र आहे ही!" म्हणत तिने ती सहज दुसऱ्या हातात घेतली.



मूठ तिच्या डाव्या तळव्यात अशी बसली, जशी उशीच्या खळग्यात डोकं बसतं. तिने कात्री झटकन कागदात गुंडाळली. डाव्या हाताने काही करायचं नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. लहानपणी त्या हातावर बाबांचा जुना मोजा चढवून मनगटाशी गाठ मारलेली असायची. जेवताना, चित्र काढताना, पाटीवर गिरवताना. कारण कुणी सांगितलं नव्हतं. तिनेही कधी विचारलं नव्हतं. पुढे मोजा गेला, पण तिचं अक्षर वाकडं राहिलं ते राहिलंच. शिवणाच्या तासाला तर बाई तिचं काम बघून नुसता उसासा सोडायच्या.

घराच्या मागे शेड होती. बाबा त्याला ऐटीत 'वर्कशॉप' म्हणत. आई 'भंगारखाना' म्हणे.

बाबांना स्वस्त हत्यारांचं भयंकर वेड होतं. कुठेही सेल लागला की बाबा तिथे हजर. पहिल्या पिळालाच टोक वळणारे स्क्रूड्रायव्हर, एकदा उघडली की न मिटणारी पक्कड, कापण्याऐवजी लाकडाला नुसत्या गुदगुल्या करणारी करवत. "काय भावात मिळालं, विचार!" हे त्यांचं वाक्य. आईने कधी विचारलं नाही. हत्यार मोडलं की बाबा ते फेकून देत आणि नवं आणत. गंमत म्हणजे एखादं चुकून टिकलंच, वापरून वापरून त्याची मूठ गुळगुळीत व्हायला लागली, तर बाबा तेही फेकत. "झालं जुनं," म्हणत. चांगलं चालणारं हत्यार फेकणारा माणूस टिटवीने दुसरा पाहिला नव्हता.

शेडच्या भिंतीवर एक मोठी पांढरी फळी होती. तिच्यावर प्रत्येक हत्याराची सावली काळ्या रंगात रंगवलेली होती. हातोडीची हातोडीसारखी, करवतीची करवतीसारखी, म्हणजे कुठलं हत्यार कुठे टांगायचं ते कळावं. पण सगळ्या सावल्यांच्या मुठी डावीकडे होत्या. बाबा म्हणत, "रंगाऱ्याने आरशात बघून रंगवली वाटतं." ते आपली हत्यारं त्या सावल्यांवर मुठी उजवीकडे करून टांगत. त्यामुळे प्रत्येक हत्याराला दोन अंगं दिसत, एक लोखंडाचं आणि एक काळं, पाठीला पाठ लावून उभी असलेली. आणि फळीच्या मधोमध एक सावली कायम रिकामी. पसरट चोच, मागे दोन फाटलेल्या शेपट्या. लहानपणी टिटवीने विचारलं होतं, हे काय आहे? बाबा म्हणाले होते, "बदक."

आणखी एक गोष्ट होती. तिच्याबद्दल घरात कुणी फारसं बोलत नसे. हत्यारं फिरत. संध्याकाळी बाबांनी मूठ उजवीकडे करून टांगलेली हातोडी दुसऱ्या दिवशी सावलीत चपखल बसलेली असे, मूठ डावीकडे. कधी पक्कड, कधी कानस. बाबा म्हणत उंदीर. आई म्हणे, "हो, उंदरांना तेवढाच उद्योग." आणि विषय तिथेच संपे.

त्या दुपारी घरात सामसूम होती. आई आत आडवी झाली होती. टिटवी शेडमध्ये शिरली, पुडकं उघडलं, आणि कात्री हातात घेऊन फळीसमोर उभी राहिली. तिला काय सुचलं कोण जाणे, तिने कात्री बदकाच्या जागेवर धरली.

चोच चोचीत बसली. शेपट्या शेपट्यांत बसल्या. काळ्या रंगाची एक रेघसुद्धा बाहेर उरली नाही.

टिटवीच्या मानेवरचे केस उभे राहिले. म्हणजे ही कात्री या घरचीच होती. त्या दुकानातून या भिंतीवर यायला निघालेली आणि वाटेतच अडकलेली. सावली आधीपासून येऊन बसली होती. वस्तू आज आली.

तिने कात्री बाकावर ठेवली आणि स्वतःलाच मोठ्याने म्हणाली, "पुरे हं टिटवे. कंदील कर." मोठ्याने बोललं की भीती कमी होते असं तिचं मत होतं. बाबांची सेलमधली कात्री घेऊन तिने उजव्या हाताने पत्रा कापायला घेतला. कात्रीने पत्रा कापला नाही, चावला. पात्यांच्या मधे पत्रा दुमडून बसला, ओढला तर किंचाळला. रेघ एकीकडे, काप दुसरीकडे. तिने दुसरा तुकडा घेतला. त्याचंही तेच. नाटकाच्या राजवाड्यात अंधार पडणार, हे तिला स्पष्ट दिसायला लागलं.

तेवढ्यात मागे लोखंड लाकडाला लागल्याचा आवाज झाला. टक्.

अगदी हलका. कुणीतरी जपून काहीतरी टांगावं तसा. टिटवी जागच्या जागी थिजली. शेडमध्ये तेलाचा वास भरून राहिला होता, पत्र्याच्या छपरातल्या भोकातून उन्हाची काठी जमिनीवर टेकली होती, आणि तिच्या अगदी जवळ, खांद्यापाशी, कुणीतरी होतं. तिने हळूच डोळे वळवले.

हातोडी फिरली होती. मूठ डावीकडे. आणि त्या मुठीवर अजून एक हात होता.

तो तिचाच होता.

तिचा डावा हात. उजव्या हातात कात्री धरून ती चिडचिडत उभी असताना, तिला न सांगता, न विचारता तो मागे गेला होता आणि त्याने हातोडी उचलून सरळ केली होती. सरळ म्हणजे त्याला जे सरळ वाटत होतं तसं. टिटवी त्या हाताकडे बघत राहिली. रोज दोन वेळा धुतलेला, नखं कापलेला, आपलाच हात, पण आज पहिल्यांदा भेटल्यासारखा वाटला. म्हणजे इतकी वर्षं... शेडमध्ये खेळताना, सायकलला हवा भरताना, बाबांना हाक मारायला आल्यावर...

"असं आहे तर," ती कुजबुजली.

मग तिने त्या हातात नवी कात्री दिली.

तो हात सगळं जाणून होता. पत्रा कसा धरायचा, पातं किती उघडायचं, वळणावर कुठे दम घ्यायचा. कात्री कागदातून जावी तशी पत्र्यातून गेली. रेघ सगळा वेळ डोळ्यांसमोर होती, पातं तिच्यावर झाकण घालत नव्हतं. कापलेल्या पत्र्याची लांब चकचकीत साल गोल वळत जमिनीवर पडली. टिटवी हसत होती. आणि तिला पक्कं वाटत होतं की ती एकटी हसत नाहीये.

"वन्सं?"

टिटवी दचकून वळली. दारात आई उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, हाताने चौकट धरलेली.

"अगं आई, मी आहे!"

आई हळूहळू येऊन बाकाच्या कडेवर बसली. तिची नजर कात्रीवरून हलेना. "कुठून आणलीस?"

टिटवीने सगळं सांगितलं. पैज, मालकीणबाई, गल्ल्याखालचं पुडकं. "वन्सं म्हणजे आत्याच ना? तापाने गेलेली? आई, ती डावखुरी होती?"

"ही सगळी शेड त्यांची होती," आई म्हणाली. "फळी त्यांनीच रंगवली, आरसा कसला नि रंगारी कसला! पत्र्याचं काय काय करायच्या गं. दिवे, पक्षी, डबे. मी नवी नवरी, मला स्वयंपाकघरात करमेना, तर इथे बसवून घ्यायच्या. म्हणायच्या, अगं, सगळं जग उजव्या हाताच्या लोकांनी स्वतःपुरतं केलंय, मला आपली एक कात्री हवी. ही मागवली होती. जागासुद्धा रंगवून ठेवली होती, किती घाई!" आई जराशी हसली. "पण यायला वेळ लागणार होता. आणि हातात काम होतं. मग त्याच दुकानातल्या टोपलीतली एक स्वस्तातली उचलून आणली. तोवर चालेल, म्हणाल्या."

"उजव्या हाताची."

"हो. डाव्या हातात ती चालेना, म्हणून जोर लावला. सटकली. जखम काही मोठी नव्हती. पण ती चिघळली, विष अंगात पसरलं. ताप आला हे खरंच आहे. तुझ्या बाबांना तेवढंच सांगता येतं."

टिटवीने मनगटावर हात फिरवला, जिथे मोज्याची गाठ असायची.

"तू पहिल्यांदा चमचा उचललास," आई म्हणाली, "तो डाव्या हाताने. बाबा ताटावरून उठून गेले. आल्यावर हातात मोजा होता. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. मोठी बहीण होती ती त्यांची, आईसारखी. म्हणून तर हे सगळं स्वस्तातलं भंगार आणतात ना ते. हत्यार लवकर मोडलेलं बरं, म्हणतात. कुणाच्या हाताची सवय लागायला नको त्याला. वन्संच्या सगळ्या हत्यारांना त्यांचा हात लागला होता. मुठींवर बोटांचे खड्डे होते. ती देऊन टाकली, पण बाबांना ते खड्डे अजून दिसतात."

बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. टिटवीला अचानक काहीतरी आठवलं.

"आई, पण मी सुट्टीत मावशीकडे गेले होते, तेव्हाही हत्यारं फिरली होती. बाबा फोनवर म्हणाले होते. तेव्हा कोण?"

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"तू नसलीस की मी फिरवते," ती म्हणाली. "वन्संना उलटं टांगलेलं खपायचं नाही."

बाबा आले ते दारातूनच ओरडत. "आख्खा संच! पेटीसकट! काय भावात मिळाला, विचार!" ते तसेच शेडमध्ये शिरले. काखेत झगमगीत पेटी, तिच्यावर भला मोठा सवलतीचा शिक्का. आई आणि टिटवीला बाकापाशी बघून त्यांना आणखीनच चेव चढला. "बरं झालं इथेच आहात. ही हातोडी बघ, ही मूठ बघ, रबराची आहे! हा पाना..."

त्यांचा आवाज मधेच संपला. फळीच्या मधोमध बदकाची जागा भरलेली होती; मघाशीच टिटवीने कात्री तिथे टांगली होती.

"कुणी आणली ती?"

"मी," टिटवी म्हणाली.

"खाली काढ." आवाज इतका हळू होता की ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "आत्ताच्या आत्ता. उद्या भंगारवाल्याला देऊन टाकतो. फळीही देतो. ही शेडच नको आपल्याला. गाडी लावायला होईल जागा."

"अहो, ऐका तरी..." आई म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस. त्या हाताने काय केलं ठाऊक आहे ना तुला? मी पाहिलंय. मी उशापाशी बसलो होतो. माझ्या पोरीच्या हातात..." ते थांबले. तोंड फिरवून त्यांनी पेटी बाकावर आपटली, नवी हातोडी उचलली, जुनी खुंटीवरून काढली आणि नवी तिथे अडकवली. "रंगारी म्हणे! मीच डब्यात ब्रश बुडवून देत होतो तिला. दहा वेळा सांगितलं, ताई, थांब थोडं. येईल तुझी कात्री. ऐकलं असतं तर..."

टिटवी त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती फळीकडे बघत होती.

नव्या हातोडीची मूठ डावीकडे होती. काळ्या सावलीत काळजीपूर्वक, काठोकाठ. बाबांना कळलंसुद्धा नव्हतं. त्यांची बोटं अजून मुठीवरच होती, जशी दुपारी तिची होती. आईनेही पाहिलं. तिने तोंडाला पदर लावला.

"बाबा," टिटवी म्हणाली, "हातोडी बघा."

त्यांनी पाहिलं. हात असा मागे घेतला की जणू भाजला. फिरवून ठेवण्यासाठी पुन्हा पुढे केला, आणि तो तिथेच अधांतरी राहिला. छपराच्या भोकातली उन्हाची काठी आता फळीपर्यंत चढली होती आणि कात्रीची चोच तिच्यात लकाकत होती.

"त्या हाताने काही नाही केलं, बाबा," टिटवी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा टिवटिवत नव्हता, पण कापतही नव्हता. "त्या हाताला चुकीची कात्री मिळाली होती. बरोबर कात्री येईतो धीर धरवला नाही. एवढंच झालं. आणि तुम्ही इतकी वर्षं घरात चुकीचीच हत्यारं भरताय, टोपल्याच्या टोपल्या."

तिने फळीवरून कात्री काढली. डाव्या हाताने. बाबा एक पाऊल पुढे आले आणि थांबले.

"ऐका दोघं," ती म्हणाली. "मी ठरवलंय. विचारत नाहीये, सांगतेय. उद्यापासून मी शाळेत याच हाताने लिहिणार. अक्षर पहिल्यापासून गिरवावं लागलं तरी चालेल, बाई हसल्या तरी चालेल. नाटकाचे सगळे कंदील इथेच, या बाकावर, या कात्रीने करणार. बाबा, तुम्ही समोर बसायचं, मला जपून कापताना बघायचं, आणि वाटेल तितक्या वेळा सांगायचं, थांब म्हणून. मी थांबेन. शेड जाणार नाही आणि फळी तर नाहीच नाही. आणि या कात्रीच्या मुठीवर माझ्या बोटांचे खड्डे पडले ना, तरी ती कुणी फेकायची नाही."